पदीची जागा

धप. धप. धप. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि पुन्हा धप.

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा फार लहान होतो. वैशाखात आमच्या गावचा बांध लिंपायला सगळं गाव रांगेत उभं राहतं आणि ओल्या चिखलाचे गोळे या हातातून त्या हातात जातात. गोळा हातावर पडला की धप वाजतं. पण रांगेत एके ठिकाणी हातभर जागा मोकळी सोडलेली असते. तिथून गोळा पलीकडच्या माणसाकडे उडवावा लागतो, आणि तेवढा वेळ आवाज थांबतो. मी आईला विचारलं होतं, तिथं कोण आहे? ती म्हणाली, "तिथं पदीबाय हाय."

त्या पदीचीच ही गोष्ट. माझ्या आजाच्या आजानेही ती दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकलेली.

फार वर्षांपूर्वी, माणसांनी खाडीला नुकतंच मागे ढकललं होतं, तेव्हाची. अलीकडे भात, पलीकडे समुद्र, आणि मध्ये फक्त मातीचा बांध. एकदा मोठं उधाण आलं, आणि त्याच उधाणात, बांधावरच, एका बाईला मुलगा झाला. त्याचं नाव जोमा. तेव्हा गावच्या भगताच्या अंगात आलं आणि तो म्हणाला, "एक दिवस समुद्र बांध फोडील. हा पोर त्या खांडीत उभा राहील, तेव्हाच पाणी मागं फिरेल." खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड.

त्या दिवसापासून जोमा आईचा राहिला नाही, समुद्राचा झाला. गावात पहिला घास त्याला. त्याच्या पायाला चिखल लागू द्यायचा नाही. त्याचं लग्नही करायचं नाही, कारण समुद्राला दिलेला माणूस आणखी कोणाला कसा द्यायचा? आणि गाव निर्धास्त झालं. खेकड्यांनी बांधात बिळं पाडली तर लोक म्हणायचे, "पाडू दे. जोमा हाय ना!" वैशाखात बांध लिंपणंही त्यांनी सोडून दिलं.

एकट्या पदीने सोडलं नाही. गावाच्या टोकाला झोपडीत राहणारी, आईबाप नसलेली पोरगी ती. रोज ओहोटीला टोपलीभर चिखल घेऊन ती बिळं बुजवत फिरायची. बायका हसायच्या. "काय गो पदे, भगताच्या देवापरीस तू शाणी?"

"देवाला पुढचं कळतं," पदी म्हणायची. "खेकड्याला कुठं कळतं?"

जोमा बांधावर बसून तिच्याकडे बघत राही. एकदा तिने त्याच्या स्वच्छ तळहातावर चिखलाचा गोळा ठेवला. "धर. चावत नाय." असं म्हणतात, जोमा त्या दिवशी पहिल्यांदा हसला. घरी नेऊन त्याचे हात धुतले, तेव्हा मात्र रडला.

तेव्हापासून ओहोटी लागली की त्याचा पाय घरात ठरेना. ती बिळं बुजवीत पुढे, तो मागून बांधावरून. ती थांबली की तोही थांबे. फार बोलणं नव्हतं. टोकाशी पोचल्यावर ती म्हणे, "जा आता. तुझा घास थंड होईल." आणि तो जाई.

मग श्रावणातल्या एका दुपारी उधाण आलं. असं म्हणतात, लाट ताडाच्या शेंड्याला लागली होती. बांध मधोमध फुटला. लोकांनी ढोल वाजवत जोमाला आणलं, गळ्यात माळ घातली आणि खांडीत उतरवलं. जोमा उभा राहिला. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं. मागं काही फिरेना. लोक काठावर हात जोडून वाट बघत होते.

तेव्हा पदीने आपल्या झोपडीचं दार उपटून आणलं आणि ते घेऊन खांडीत उडी टाकली. दार आडवं लावलं, त्याला पाठ दिली आणि जोमाला म्हणाली, "वर जा."

"देवानं मला सांगितलंय, पदे."

"उभं राहायला मी हाय. तुझे हात पायजेत. माती दे!" मग ती गावावर ओरडली, "जोडलेले हात सोडा रे! चिखल उचला!"

गाव हललं. रांग लागली. गोळे हातोहात येऊ लागले, आणि रांगेच्या टोकाला जोमाचे हात. तो द्यायचा, ती लावायची. चिखल तिच्या गुडघ्याला आला, कमरेला आला, छातीला आला. ती हलली असती तर दार गेलं असतं, आणि दारामागून समुद्र. शेवटी भगदाड उरलं ते तिच्याएवढंच. तिथे जोमाचे हात थांबले.

"थांबू नको," पदी म्हणाली. "आता थांबलास तर मी इथं उगाच उभी."

असं म्हणतात, ते ऐकून समुद्रही क्षणभर गप्प झाला. जोमाने गोळा दिला. पदीने तो दोन्ही हातांनी घेतला आणि आपल्याच खांद्याशी लावला.

पाणी मागं फिरलं. पार समोरच्या बेटापल्याड गेलं, खाडीचा तळ उघडा पडला. जोमाने चिखल उपसला. दार सापडलं. पदी सापडली नाही.

लोकांनी जोमाला खांद्यावर घेतलं. भगताचं खरं झालं म्हणून गाणं रचलं, त्यात जोमाचंच नाव. तो सांगत होता, "मी नव्हतो. ती होती." ढोलात कोणाला ऐकू गेलं नाही.

पुढच्या वैशाखात जोमा एकटाच चिखलात उतरला. मग लाजत लाजत एकेक माणूस आला आणि रांग झाली. जोमाशेजारी हातभर जागा मोकळी होती. कोणी म्हणालं, "सरक की जवळ." जोमा सरकला नाही. आता त्याला लग्न कर म्हणणारे पुष्कळ होते, त्याने केलं नाही. केस पांढरे झाले तरी ओहोटीला तो बांधावरून चालायचा, ठिकठिकाणी थांबत, पुढे कोणी बिळं बुजवत असावं तसा. असं म्हणतात, तेवढ्या पट्ट्यात खेकडा अजून बीळ पाडत नाही.

ते गाणं आता कोणाला येत नाही. जागा मात्र अजून सोडतात. उडवलेला गोळा झेलायला पदीच्या जागेशेजारी दर साली नवं माणूस उभं करतात. गेल्या साली माझ्या शेजाऱ्याची, कान्हूची नात रंजना होती. सकाळपासून तिच्या तोंडाला खळ नव्हता. "आज्या, गोळा तोंडावर बसला तर मला नवरा कोण देईल?" सगळी रांग हसली.

काम संपलं, माणसं हात धुवायला खाडीवर गेली. ती तिथंच, त्या जागेजवळ उभी. मी हळूहळू जवळ गेलो.

"काय गो, जड होता का गोळा?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. आणि हात न धुताच, बांधावरून, ठिकठिकाणी थांबत निघून गेली.