आधी बिघडवून दाखव

एकदा एका वृद्ध तंत्रज्ञाकडे एक तरुण शिष्य होऊन आला. पण त्याला यंत्रे शिकायची नव्हती. यंत्रांचे काम त्याला बऱ्यापैकी येत होते. तो म्हणाला, "गुरुजी, तुमच्याकडे रिकाम्या हाताने आलेली माणसं कामाला लागतात. ते कसं होतं, तेवढं मला शिकायचंय."

गुरुजींचे सारे आयुष्य इस्पितळांतली यंत्रे दुरुस्त करण्यात गेले होते. निवृत्तीनंतर त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक लांब टेबल मांडले, आणि हळूहळू पंचक्रोशीतली काम शोधणारी माणसे तिथे येऊ लागली. कोणी आयटीआय करून घरी बसलेला, कोणी पदविका अर्धवट सोडलेला, कोणाची गिरणी बंद पडलेली. गुरुजी त्यांना काही काळ हाताशी घेत, आणि मग ती माणसे कुठे इस्पितळात, कुठे लिफ्ट बसवणाऱ्यांकडे, कुठे शीतगृहात तंत्रज्ञ म्हणून रुजू होत.

शिष्याचे नाव निशिकांत. तो तळमळीने कामाला लागला. कोणत्या कारखान्यात जागा निघाली, कोणत्या इस्पितळाला माणूस हवा आहे, मुलाखत कोण घेणार आणि काय विचारणार, हे सगळे त्याला तोंडपाठ असे. आलेल्या माणसाला तो ते भरभरून सांगे. बहुतेकांना तेवढे पुरत असे.

जयमालाला ते पुरले नाही. इस्पितळातल्या यंत्रांच्या देखभालीची पदविका तिने लग्नाआधी पहिल्या वर्गात मिळवली होती. मग संसार, दोन मुले, सासूचे आजारपण यांत चौदा वर्षे निघून गेली. आता नवऱ्याचे सूतगिरणीतले काम सुटले होते आणि घराला तिच्या शिक्षणाची आठवण झाली होती. सासऱ्यांनी शांतपणे सांगितले होते, "दिवाळीपर्यंत बघ बाई. नाहीतर आपण सगळे गावाकडे जाऊ. पोरांची शाळा मग तिथली." गावाकडची शाळा सातवीपर्यंतच होती आणि तिची थोरली मुलगी सातवीत होती.

निशिकांतने तिला एका इस्पितळात पाठवले. ती फाटकापासून परत आली. दुसऱ्या ठिकाणी ती आत गेली, विचारले त्याची उत्तरेही दिली, पण "हे जरा उघडून दाखवा" म्हटल्यावर तिचे हात मांडीवरून उठलेच नाहीत. निशिकांत हटणारा नव्हता. शेजारच्या तालुक्यातल्या एका मोठ्या इस्पितळाला तंत्रज्ञ हवा होता आणि सोमवारी प्रात्यक्षिक परीक्षा होती. त्याने संभाव्य प्रश्न काढले, उत्तरे तयार केली आणि रोज तिच्याकडून घोकून घेतली. तिचे एकही उत्तर चुकत नसे. मात्र दर दिवशी तिचा आवाज अधिक बारीक होत चालला होता. ते निशिकांतच्या लक्षात आले नाही. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या गुरुजींच्या आले.

शनिवारी सकाळी गुरुजी उठले. शेडमध्ये शिकवण्यासाठी ठेवलेले एक सक्शन मशीन होते, रुग्णाच्या घशातला कफ ओढून घेणारे. भंगारातून एकेक भाग गोळा करून निशिकांतनेच ते जुळवले होते आणि त्याला त्याचा फार अभिमान होता. गुरुजींनी ते जयमालासमोर ठेवले, चालू करून दाखवले, बंद करून वायर काढली आणि तिच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला.

"हे बिघडव," ते म्हणाले.

तिला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "दुरुस्त करू?"

"दुरुस्त करायला ते बिघडलंय कुठे? चांगलं चालतंय. तू बिघडव."

निशिकांतला राहवले नाही. "गुरुजी, परवा परीक्षा आहे. अजून मोटरचे प्रश्न राहिलेत. आणि हे एकच मशीन आहे आपल्याकडे."

"म्हणूनच हे दिलं," गुरुजी म्हणाले आणि स्टुलावर बसून राहिले.

जयमाला बराच वेळ यंत्राकडे बघत राहिली. अखेर तिने दोन बोटांनी हळूच फ्यूज काढला आणि टेबलावर ठेवला, जणू कोणी ओरडेल म्हणून.

"हे तर कोणीही करेल. लाव परत. आता शोधून सापडायला कठीण जाईल असं काहीतरी कर."

तिने मागचे झाकण उघडले. आतली एक वायर सैल केली. एवढे पुरेसे नाही, अशी गुरुजींनी मान हलवली. तिने ती जोडली. मग तिने नळी उलटी लावली, कफ साठण्याच्या बरणीच्या झाकणाखालची रबरी चकती तिरकी बसवली, दाब दाखवणारा काटा अडकवून ठेवला. प्रत्येक वेळी गुरुजी यंत्र चालू करत, काय होते ते तिला बघायला लावत, आणि पुन्हा बंद करून तिच्याकडे सरकवत. दुपारपर्यंत तिचे खांदे सैल झाले होते. आणि मग, नळी ओढून काढताना, बरणीच्या झाकणावरची तोटी कट्कन तुटली.

हे तिने ठरवून केले नव्हते. तुटका तुकडा हातात धरून ती पांढरीफटक पडली. "माझ्याकडून मोडलं," ती निशिकांतला म्हणाली.  तसले झाकण मिळायला निशिकांतला अर्धा पावसाळा लागला होता. बोलायला उघडलेले तोंड त्याने मिटले. गुरुजी म्हणाले, "मोडलं ना? बरं झालं. आता काय करशील?"

"नवीन झाकण आणावं लागेल."

"दुकान बंद आहे."

 मग तिची नजर टेबलावरच्या सामानावर फिरू लागली. निशिकांतने पाहिले, ही नजर त्याच्या ओळखीची नव्हती. तिने पितळेची एक लहान तोटी उचलली, मापून पाहिली, ती बसेना म्हणून टाकली, दुसरी घेतली. झाकणाचे भोक कानशीने थोडे मोठे केले. रबराची चकती कापून बसवली. पहिल्यांदा हवा गळली. तिने पुन्हा उघडले. दुसऱ्यांदाही गळली. तिने पदर खोचला आणि कोणाकडेही न बघता पुन्हा उघडले. ऊन उतरता उतरता यंत्र चालू झाले आणि काटा वर सरकून स्थिर राहिला.

"रुग्णाला लावण्याच्या लायकीचं नाही हे," ती म्हणाली. "पण खेचतंय."

"तेवढं कळलं म्हणजे झालं," गुरुजी म्हणाले. "घरी जा. उद्या काही वाचू नकोस."

ती गेल्यावर निशिकांत तुटका तुकडा हातात फिरवत बसला. "गुरुजी, मला हे समजलं नाही. मी तिला सगळं दिलं. जागा शोधली, प्रश्न दिले, उत्तरं दिली."

गुरुजींनी तो तुकडा त्याच्या हातातून घेतला. "निशिकांता, तू कष्ट कमी केले नाहीस. पण भ्यालेल्या माणसाला उत्तरं पाठ करायला दिली की त्याची भीती दुप्पट होते. आधी यंत्राची होती, आता उत्तर विसरण्याचीही. या बाईला, तिनेच एकदा सांगितलं, चौदा वर्षं घरात एकच वाक्य ऐकू आलं. मिक्सर असो, मोटारसायकल असो, 'तू हात लावू नकोस, बिघडेल.' तिची विद्या कुठे गेली नव्हती. हात लावण्याचा अधिकार गेला होता. तो तोंडी सांगून परत येत नाही. स्वतःच्या हाताने काहीतरी मोडावं लागतं, आणि मोडल्यावरही आपण तिथेच उभे आहोत हे बघावं लागतं. तंत्रज्ञ तिथून सुरू होतो."

"आणि ते झाकण?"

"तुझं मशीन तुझ्यासाठीच निवडलं होतं," गुरुजी म्हणाले. "त्यातलं काही मोडलं तर तू तिला काय बोलतोस, ते मला पाहायचं होतं. तू गप्प राहिलास. पुढच्या वेळी मनातूनही गप्प राहशील."

सोमवारी निशिकांत तिच्यासोबत जायला निघाला, तेव्हा गुरुजींनी त्याला थांबवले. "ती एकटी जाईल."

चार वाजता जयमाला शेडमध्ये आली आणि आधी तांब्याभर पाणी प्यायली. "पाठ केलेलं काहीच विचारलं नाही," तिने सांगितले. "एक नवीन पद्धतीचं मशीन समोर ठेवलं. मी कधी पाहिलंही नव्हतं. मी म्हटलं, हे मला माहीत नाही, उघडून बघू का? त्यांनी बघा म्हटलं. वेळ लागला. एक दोष सापडला, दुसरा नाही सापडला. तेही सांगितलं. बुधवारपासून यायला सांगितलंय. आधी उमेदवारी, मग कायम करतील." ती गुरुजींच्या पाया पडली, निशिकांतला "येते भाऊ" म्हणाली आणि मुलीच्या शाळेत जायचे म्हणून लगबगीने निघाली.

निशिकांत तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिला. "गुरुजी, आणि त्यांनी नाही घेतलं असतं तर?"

"तर दुसरीकडे गेली असती," वृद्ध म्हणाले. "आता ती जाऊ शकते."

दुसऱ्या दिवशी लिफ्टचे काम शिकलेला एक माणूस शेडच्या दाराशी येऊन उभा राहिला. कुठे जागा आहे का, असे त्याने विचारले. जागा होती, निशिकांतला ती ठाऊकही होती. त्याने स्टूल पुढे सरकवले, त्या माणसाला बसू दिले आणि म्हणाला, "सांगतो. आधी मला सांगा, हात कुठे अडतो तुमचा?"