मधला शब्द

भिवाजी चोबदाराची नोकरी एका 'तर'मुळे गेली.

तळेखंडचे अमृतराव महाराज गोऱ्या मास्तराकडे इंग्रजी शिकत होते. एका पत्रात त्यांनी 'टू हम्बली सर्व्ह' असं लिहिलं आणि मास्तर हातातला चहा सांडेपर्यंत हसला. इंग्रजीत 'टू' आणि क्रियापद यांच्यामधे तिसरा शब्द घुसवायचा नसतो म्हणे. महाराजांना ते इतकं झोंबलं, की त्यांनी मराठीलाही तोच नियम लावला. जोडीनं येणाऱ्या दोन क्रियापदांच्या मधे जो शब्द घालेल, तो दरबाराबाहेर. आणि भर पावसात शिकारीला निघालेल्या महाराजांना भिवाजी काळजीनं म्हणाला, "सरकार, पाऊस थांबू तर द्या." झालं! 'थांबू' आणि 'द्या' यांच्यामधे 'तर' आला.

त्याची मुलगी सगुणा तडक दरबारात गेली. "सरकार, माझ्या बापाला हाकलल्यावर पाऊस थांबला का?"

महाराज लाल झाले. "फार तोंड चालतं तुझं. सूर्य मावळायच्या आत माझ्याकडून हा नियम मोडवून दाखव. बाप परत कामावर येईल. नाही जमलं, तर दोघंही संस्थानाबाहेर."

मग महाराज चिखलातून चालावं तसे जपून बोलू लागले. सगुणानं शिकारीचं विचारलं, जेवणाचं विचारलं. उत्तर एकच, "हं."

दिवस कलायला लागला तशी सगुणानं हात जोडले. "हरले, सरकार. निघते."

महाराजांनी मिशीवर ताव दिला. "विलायती व्याकरण आहे, पोरी."

"खरंय. त्या साहेबाची भाषा फारच नाजूक. मधे एक शब्द आला तरी तिला घेरी येते. आमची आपली धक्के खाऊन वाढलेली." ती दाराकडे वळली. "युक्ती मात्र नामी होती. तुमच्या मास्तराला सात जन्मांत सुचली नसती. असो, आता काय उपयोग."

"कसली युक्ती?"

सगुणा चालतच राहिली.

महाराज गादीवरून अर्धे उठले. "अगं ए, कसली युक्ती ते सांगून तर जा!"

सगुणा थांबली. "हीच, सरकार."

महाराजांनी आपलंच वाक्य ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून पाहिलं आणि पोट धरून हसायला लागले. त्यांनी भिवाजीला बोलावणं धाडलं, नियम रद्द केला आणि हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाच्या ओंजळीत टाकलं.

दरबारात एका बाजूला बसलेला गोरा मास्तर, मराठी कळत नसल्यानं, बावळटासारखा सगळ्यांकडे बघत होता.

"अरे, ह्याला कुणीतरी समजावून तर सांगा," महाराज डोळे पुसत म्हणाले.