भुंग्या आणि अकरा घरांची दहीसाखर

एका नदीकाठच्या गावात एक एकटा कारकून राहत असे. त्याचे घरचे माणूस म्हणजे भुंग्या नावाचा कुत्रा. राजाने कारकुनाची बदली पैलतीरावरच्या कचेरीत केली. सूर्यास्ताआधी हजर न झाल्यास नोकरी दुसऱ्याला मिळणार होती, आणि नावेच्या खेपा दोनच, सकाळची आणि दुपारची.

भुंग्या कधी नावेत बसला नव्हता. कारकुनाने त्यावर आपल्या पेशाला शोभेल असा उपाय केला. त्याने शिक्क्याचे पत्र आणले : ‘सदर श्वानास नावेतून नेण्यास हरकत नाही.’ श्वानाची काही हरकत आहे काय, असा रकाना त्या पत्रात नव्हता.

निघताना शेजाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे कारकुनाच्या हातावर दहीसाखर ठेवली. तेवढ्यात कोणीतरी म्हणाले, “अहो, भुंग्याही परगावी निघालाय. त्याला नको का?” झाले! आळीत घरे अकरा, आणि मागे राहायला एकही तयार नव्हते.

सकाळच्या खेपेला नाव डुलू लागली तसा भुंग्या कण्हू लागला, मग उड्या मारू लागला. कारकून दोरी आवळून ओरडला, “शांत बस! परवानगी आहे!” भुंग्याने अकरा घरांच्या शुभेच्छा एका कापडवाल्याच्या गठ्ठ्यावर परत केल्या. नाव कलंडता कलंडता वाचली. नावाडीणबाईने ती मागे वळवली.

“उतरा, रावसाहेब. दुपारी एकटे या.”

“बाई, याला कुठे टाकू? माझं दुसरं आहे कोण?”

बाईने भुंग्याकडे पाहिले. “दुपारी परत आले की माझी भाकरी खाऊन होईपर्यंत नाव रिकामी असते. तेवढ्यात हा तिच्यात निजला, तर नेईन. नाही निजला, तर एकट्यानं चला.”

“पण निजवू कसा?”

“घरी कसा निजतो?”

“माझ्या जुन्या घोंगडीवर.”

“मग ती कुठाय?”

“गाठोड्यात. दप्तराच्या खाली.”

“शाबास!” बाई म्हणाली आणि वल्हे मारत निघून गेली.

कारकुनाने भुंग्याला वाळूत मनसोक्त हिंडवले. पाणी पाजले, खायला मात्र काही दिले नाही. दुपारी त्याने रिकाम्या नावेत घोंगडी पसरली आणि दोरी सैल सोडून स्वतः तिच्यावर बसला. भुंग्या आत आला आणि लगेच बाहेर पळाला. कारकून हाक न मारता जागेवरच बसून राहिला. थोड्या वेळाने भुंग्या पुन्हा आला, घोंगडी हुंगून पुन्हा गेला. तिकडे बाईची भाकरी अर्धी झाली होती. तिसऱ्यांदा भुंग्या आला, तीन गिरक्या घेऊन मालकाच्या मांडीवर हनुवटी टेकून पडला. त्याला पाहता पाहता कारकुनाचाही डोळा लागला. कामाच्या वेळी डोळा लागण्याचा त्याला सराव होताच.

जाग आली तेव्हा नाव नदीच्या मध्यावर होती. उतारू कुजबुजत बोलत होते.

“बाई! आपण निघालो?” कारकून दचकून म्हणाला.

“हळू बोला,” बाई म्हणाली. “तो घोरतोय.”

कारकुनाने मान वर करून पाहिले. सूर्य अजून चांगला दोन हात वर होता. पैलतीरावर भुंग्याने उतरून अंग झाडले, पहिल्याच खुंटावर पाय वर केला आणि तो नव्या गावात मालकाच्या आधी हजर झाला.

तात्पर्य : मुक्या सोबत्याला प्रवासाला नेताना हुकूम आणि लाड दोन्ही घरी ठेवावेत, निघण्याआधी घटकाभर त्याच्याशेजारी आपण स्वस्थ बसावे, म्हणजे तोही बसतो.