सुकुमारची गाडी

"एवढं सगळं करूनसुद्धा तो बघत का नाही, अप्पा?"

भरतेश मगदूमनं आल्या आल्या हेच विचारलं. नमस्काराच्याही आधी.

अप्पा, म्हणजे आमच्या मठाचे गुरय्या स्वामी, कट्ट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मूठभर शेंगा त्याच्यापुढं सरकवल्या. त्यानं हात लावला नाही.

मी या मठात स्वयंपाकाला आहे. जतकडचा माळ, वर ऊन, खाली दगड. इथं कोणी हौसेनं येत नाही, गळ्याशी आलं की येतं. फक्त अमावास्येला गाडीवाल्यांची जत्रा भरते. नवी गाडी घ्यायची, चाकाखाली लिंबू ठेवायचं, अप्पांच्या हातची विभूती तिला लावून घ्यायची आणि पेढे ठेवून सुटायचं. मला या लोकांचा भारी वैताग आहे. कपाळाला लावायची ती विभूती बंपरला लावतात.

भरतेश त्यातला नव्हता. इचलकरंजीत घरचा कारखाना, पण दर महिन्याला यायचा, अप्पांसमोर तास तास डोळे मिटून बसायचा. डोळे उघडले की मात्र आमच्याकडं जरा वरूनच बघायचा. आपल्यासारखा शिष्य अप्पांना दुसरा नाही, अशी त्याची पक्की समजूत होती.

आज तोही गाडी घेऊन आला होता. टेम्पोत घालून, गोधड्यांत गुंडाळून आणलेली; त्यानं ती खाली उतरवून उघडी केली.

मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत पळवतात ना, ती शर्यतीची मोटरसायकल. डर्टबाईक. दिवा नाही, आरसा नाही, नंबरप्लेट नाही. लाल टाकी मात्र अशी चमकत होती की बघणाऱ्याचं तोंड तिच्यात दिसावं.

गाडी त्याच्या धाकट्या भावाची. सुकुमारची.

सुकुमार रेस खेळायचा. दोन वर्षांमागं असाच एका माळावर सरावाला गेला होता. सोबत भरतेश, तिसरं कोणी नाही. उंचवट्यावरून गाडी उडाली ती सरळ उतरलीच नाही.

भरतेशनं सगळं सांगितलं. पुढच्या चाकाचा फोर्क कसा वाकला, टाकीला केवढा पोचा पडला, रिमचा कसा द्रोण झाला, सायलेन्सर तुटून कुठल्या कुठं गेला. मग म्हणाला, सुकुमारचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

अप्पांनी एक शेंग फोडली.

"तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही."

"काहीच?"

"काहीच नाही."

एकाच घरात राहतात दोघं. मीठ भरतेशच्या हाताशी असलं तरी सुकुमार ते आईकडं मागतो. माऊली बिचारी उठते, भरतेशच्या पुढ्यातलं मीठ उचलते आणि सुकुमारच्या पानात वाढते. 

म्हणून त्यानं गाडी पुन्हा उभी करायची ठरवली. अशी, की ती कधी पडलीच नव्हती. गाडी जुनी, कंपनीनं कधीच बंद केलेली, पार्ट मिळणार कुठून? याला तोच ध्यास. टाकी लुधियानाच्या भंगारबाजारात सापडली. फोर्कसाठी कोइमतूरला जाऊन आला. पिस्टन थेट जपानहून मागवला. डुप्लिकेट पार्ट एकही चालवून घेतला नाही. रंगसुद्धा तोच लाल जमेपर्यंत पुन्हा पुन्हा खरवडला. खोटं कशाला बोलू, भाऊ असावा तर असा, असं मलाही वाटलं.

सुकुमारच्या वाढदिवशी त्यानं गाडी अंगणात आणून चालू केली. सुकुमार कुबड्यांवर बाहेर आला. गाडीकडं बघितलं, भरतेशकडं बघितलं. आत गेला आणि कडी लावून घेतली.

"आता सोलापूरला निघालाय. मामाकडं... कायमचा. उद्या."

अप्पांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"गाडी नवी दिसत नाही का? एक तरी खोट आहे का हिच्यात? तुम्हीच बघा. आणि तुमचा हात लावून द्या हिला. तुमचा हात लागलेली गाडी तो नाकारणार नाही. मला माझा भाऊ पाहिजे, अप्पा."

अप्पांनी टरफलं गोळा केली, धोतर झटकलं आणि उठले.

मी विभूतीचा बटवा पुढं केला. त्यांनी तो बाजूला सारला.

गाडीभोवती एक फेरी मारली. सीटवर हात फिरवला.

"बसायचं कसं रे हिच्यावर?"

भरतेश हरखला. त्याला वाटलं, आशीर्वादाची हीच तऱ्हा असेल. मी मात्र पुढं झालो. सत्तरी उलटलेला माणूस, उभ्या जन्मात सायकलला टांग मारलेली नाही. मी म्हटलं, अप्पा, राहू द्या. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन चढूनसुद्धा बसले. पाय जेमतेम जमिनीला टेकत होते.

"चालू कर."

भरतेशनं किक मारली. माळ दणाणला. गोठ्यातली जनावरं दावी तोडायला लागली. भरतेश अप्पांच्या कानाशी वाकून ओरडून सांगत होता, हा क्लच, हा गिअर, ही रेस. मोठ्या कौतुकानं सांगत होता. आपल्या पोराचे गुण सांगावेत तसं. अप्पा मान हलवत होते. क्लच दाबून धरला होता, पायानं गिअरसुद्धा टाकून बघितला.

आणि अप्पांनी क्लच सोडला.

रेसची मूठ पिळलेलीच होती, गाडीचं पुढचं चाक हवेत उठलं. मी डोळे मिटले, उघडले, तोवर सगळं उरकलं होतं. गुरांच्या हौदापाशी सांडपाण्याचा चिखल असतो, त्यात अप्पा उताणे पडले होते. गाडी त्यांना टाकून चांगली पाच-सहा पावलं पलीकडं घसरत गेली होती. तिचं मागचं चाक अजून फिरत होतं.

 माझा पाय जागचा हलेना. लाज वाटते सांगायला, पण नुसता आ वासून उभा राहिलो. वाटलं, संपलं. मठ संपला, अप्पा गेले.

भरतेश मात्र धावला. वाऱ्यासारखा धावला.

तो अप्पांच्या अंगावरून पलीकडं गेला.

मला वाटलं, वेगात थांबता आलं नसेल. आता वळेल.

त्यानं गाडी बंद केली. ते ठीकच होतं म्हणा. मग दोन्ही हातांनी ती उभी केली. स्टँड लावला. खाली बसला आणि फोर्कवरून बोटं फिरवली, वर, खाली, पुन्हा वर. अंगातला पांढरा शर्ट ओढून काढला आणि त्या शर्टानं टाकीवरचा चिखल पुसायला लागला. ओरखडा होता एक, करंगळीएवढा. त्याच्यावर थुंकी लावून तो घासत बसला.

माळावर आवाज नव्हता. गुरंसुद्धा गप्प झाली होती.

मी काय बघतोय तेच मला कळेना. हा माणूस दर महिन्याला याच पायांवर डोकं ठेवत होता... मी स्वतःच्या हातानं याला ताटं वाढली होती.  

"भरतेश," मी म्हणालो.  पुन्हा म्हणालो.

त्यानं मागं वळून बघितलं.

अप्पा तसेच पडून होते. कोपर फुटलं होतं, रक्त चिखलात मिसळत होतं. उजवं मनगट भलत्याच बाजूला वळलेलं. कण्हत नव्हते. त्याच्याकडं बघत होते. केव्हापासून, कोण जाणे.

भरतेशनं हातातल्या शर्टाकडं बघितलं. मग गाडीकडं. मग स्वतःच्या पायांकडं, जसे ते दुसऱ्या कोणाचे पाय असावेत. चेहरा पांढराफटक पडला.  तो तिथंच मातीत बसला.

"अप्पा... मी..."

माझे पाय एकदाचे सुटले. मी अप्पांना उचलायला वाकलो. त्यांनी धड हातानं मला थोपवलं. नजर त्याच्यावरून काढली नाही. रागावलेले नव्हते. आवाज तर असा, जसा ताप आलेल्या पोराशी बोलताना काढतात.

"सुकुमारला त्या दिवशी तू असाच दिसला असशील बाळ... खालून."