मडमेच्या झग्याची झालर

एका तालुक्याच्या गावात रखमाजी नावाचा एक भोळा शिंपी होता. भोळा म्हणजे इतका, की कुणी "जरा बसा" म्हटलं तर जरासा टेकायचा आणि लगेच उठायचा. शिवणकाम त्याची बायको सगुणा करी. तो शिवलेले कपडे पोचवी.

तेव्हा गावात नवीच टूम निघाली होती. खणाची चोळी मागे पडून बायका पोलकी घालू लागल्या होत्या. पोलक्याला लांब बाह्या, खांद्यावर फुगे, गळ्याला लेस. म्हाताऱ्या नाकं मुरडत आणि मग सुनांना हळूच विचारत, हे शिवतं कोण? शिवायची सगुणा. आपलं काम मामलेदारीणबाईंना आवडलं की सगळं गाव दारी येईल, अशी तिला आशा होती.

बाईंचं पहिलं पोलकं तयार झालं. "सांभाळून न्या," सगुणा म्हणाली.

रखमाजीने सांभाळलं. घडी घातली, घडीचीही घडी घातली आणि काखेत गच्च दाबून नेलं.

"रखमाजी, हे पोलकं आहे की पापड?" बाईंनी विचारलं.

"पोलकं," रखमाजी म्हणाला.

सगुणाने घरी त्याला समजावलं. "अहो, फुगीर कपडा दाबायचा नसतो. आत काहीतरी भरून न्यायचं, म्हणजे आकार राहतो."

"बरं," रखमाजी म्हणाला आणि त्याने ते पक्कं लक्षात ठेवलं.

पुढची चोळी देशपांड्यांच्या आजींची होती. आजींना नवी टूम मान्य नव्हती. त्यांना अंगाबरोबर तंग चोळीच हवी होती. रखमाजीने वाटेत एका गोठ्यापाशी थांबून चोळीत भुसा भरला. आजींच्या हातात दिली तेव्हा ती टम्म झाली होती. आजींनी जरा दाबून पाहिली, तशी पाठीची शिवण उसवली आणि ओसरीभर भुसा झाला.

"मी चोळी शिवायला टाकली होती," आजी म्हणाल्या. "उशी नव्हे."

सगुणाने कपाळाला हात लावला. "तंग कपड्यात काही भरायचं नसतं हो. उलट जास्तीचं काही दिसलं तर काढून टाकायचं."

"मग तसं आधी सांगायचं," रखमाजी म्हणाला.

मग मामलेदारीणबाईंचं दुसरं पोलकं झालं. मुलींच्या शाळेत बक्षीस समारंभ होता, कलेक्टरसाहेबाची मडम येणार होती, त्या दिवशी घालायचं म्हणून निळं रेशमी. गळ्याला दुहेरी लेस, मनगटाला दुहेरी लेस. रखमाजी वाटेत चिंचेखाली बसला आणि त्याने पोलकं न्याहाळून पाहिलं. गळ्याला जास्तीचं होतं. मनगटालाही जास्तीचं होतं. उसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"लेस कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"जास्तीची होती. काढली."

"कुठे टाकलीस?"

"चिंचेखाली. पण आता नाही मिळायची. शेळीने खाल्ली."

बाईंनी निरोप पाठवला, की यापुढे सगुणाला एक टाकाही घालायला देणार नाही. संध्याकाळी सगुणाने रखमाजीला वाढलं आणि ती त्याच्याकडे पाठ करून बसली. तिने चार शब्द सुनावले असते तर रखमाजीला बरं वाटलं असतं.

समारंभाच्या सकाळी शाळेत पडदे लावायला रखमाजीला बोलावणं आलं. तेव्हा सगुणाला एक सुचलं. मडमेच्या झग्यासारख्या चुण्या आणि झालरी पोलक्याला लावून दाखवल्या, तर बाईंचा राग निवळेल.

"तिथे जातच आहात, तर मडमेचा झगा नीट पाहून या," ती म्हणाली. "चुण्या, झालरी, फिती, मागचा फुगवटा. एकही गोष्ट सुटता कामा नये."

"एकही?"

"एकही."

समारंभाला रखमाजी मडमेच्या मागच्या पडद्याआड उभा राहिला. असा झगा त्याने जन्मात पाहिला नव्हता. कंबर सुरईच्या मानेएवढी, मागे घोड्याच्या खोगिरासारखा उंचवटा आणि तिथून जमिनीपर्यंत झालरीवर झालरी. पण सगळंच मोकळं. झालर खुर्चीवरून लोंबत होती, फीत वाऱ्यावर उडत होती. शेजारी मामलेदारीणबाईंचा पदरही तसाच. केव्हा काय सुटेल याचा नेम नव्हता. त्याने पागोट्यात खोचलेली सुई काढली आणि दुहेरी दोरा ओवला.

हेडमास्तरांचं भाषण लांबलं, ते बरंच झालं. झालर खुर्चीच्या वेताला शिवून झाली. पदर झालरीला शिवून झाला. फीत पडद्याला शिवून झाली.

मग पहिलं बक्षीस द्यायला मडम उठली. तिच्याबरोबर खुर्ची उठली. मामलेदारीणबाईंना उठायचं नव्हतं, पण त्याही उठल्या. पडदा खाली आला तो हेडमास्तरांच्या अंगावर. आतून त्यांचं भाषण थोडा वेळ चालूच राहिलं.

रखमाजी मात्र लगबगीने घरी निघाला. कितीतरी दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं. सगुणा दारातच उभी होती.

"पाहिलंत नीट?"

"पाहिलं."

"काही सुटलं नाही ना?"

"छे. मामलेदार ओढतायत, शिपाई ओढतायत, खुद्द कलेक्टरसाहेब ओढतोय," रखमाजी म्हणाला. "अजून एक टाका सुटलेला नाही."