ऋक्षद्युम्नाला हाक

काल मला रात्रभर झोप नव्हती. कारण तसं एवढंसंच. कृत्तिकाच्या शाळेत शनिवारी संमेलन आहे. सहा मुलं रंगमंचाच्या कडेला उभी राहून जुन्या महाकाव्यातल्या एकेका योद्ध्याला नावाने हाक मारणार, आणि पुठ्ठ्याचे मुकुट घातलेली दुसरी सहा मुलं आतून धावत येणार. नावं आईवडिलांनी निवडून द्यायची होती. बाकीच्या आयांनी शहाण्यासारखी तीनतीन अक्षरांची दिली. मी संस्कृत घेऊन बी.ए. झालेली. मी ऋक्षद्युम्न दिलं. हाक कृत्तिकाने मारायची, आणि ऋक्षद्युम्न होणारा मुलगा वर्गात तिच्याच बाकावर बसतो.

कृत्तिका सहा वर्षांची आहे आणि तिच्या तोंडात क चा त होतो, ख चा थ. स्वतःचं नाव ती ‘तित्तिता’ सांगते. तेही नाव मीच हौसेने ठेवलेलं. परवा तालमीत तिने हाक मारली आणि मुलं हसली. ते एकवेळ चाललं असतं. पण मी दारात उभी होते, आणि तिचं पुरतं म्हणून व्हायच्या आत मी तिथूनच मोठ्याने बरोबर उच्चार करून दाखवला. तेव्हापासून ती शाळेत जायचं नाही म्हणते. काल पोट दुखत होतं, आज पाय. उद्या काय दुखणार ते अजून ठरायचं आहे.

गोष्टी सांगणं हे आमच्याकडे आजीचं खातं. आजी सध्या बार्शीला आत्याकडे. म्हणून आज मीच दिवा मालवला आणि आजीसारखा आवाज काढायच्या भानगडीत न पडता सुरुवात केली.

एक होतं तळं. राजाही होता, पण तळं आधी सांगते, कारण राजाचं पाणीसुद्धा तिथूनच यायचं. चारी बाजूंना उंच डोंगर, मध्ये तळं, तळ्याकाठी गाव. नदी नाही, विहीर नाही. पाऊस यायचा तो डोंगरांना अडायचा आणि पलीकडच्या पलीकडे पडून जायचा. मग तळं भरायचं कसं? तीच तर गंमत आहे, बरं का.

फार पूर्वी एक मोठी लढाई झाली होती. त्या लढाईवर कुणीतरी लांबलचक काव्य रचलं. त्यातले शंभर योद्धे लढून लढून इतके दमले की या तळ्याच्या तळाशी येऊन निजले. निजताना गावाला म्हणाले, वर्षातून एकदा आम्हाला नावाने हाक मारत जा, म्हणजे आम्हाला विसरला नाहीत एवढं कळेल. मग दरवर्षी कार्तिकात सगळा गाव काठावर जमायचा. एकजण नावं पुकारायचा. हाक मारली की पाण्याच्या तळातून ‘ओ’ यायची. ती ओ काठावर ऐकू आली की एक कमळ उमलायचं आणि तळं चार बोटं वर चढायचं. शंभर हाका, शंभर ओ, शंभर कमळं. तळं काठोकाठ.

हे नावं पुकारायचं काम एकाच घरात चालत आलेलं. त्या घरातल्या प्रत्येकाला लोक पुकारेबुवा म्हणायचे.

मग काय झालं, एका राजाने नियम केला. राजे लोकांना नियम करायला फार आवडतं. नाव चुकलं, तर चुकणाऱ्याने वर्षभर तोंडातून शब्द काढायचा नाही. आता तूच सांग, वर्षभर गप्प बसायचं म्हणजे काय. भाजीत मीठ नाही हेसुद्धा खुणेने सांगायचं. बायकोशी भांडायचं तर हातवारे करून.

पुकारेबुवा घाबरले. शंभरातलं एक नाव फारच अवघड होतं, ऋक्षद्युम्न. बुवांनी युक्ती केली. हातात झांज घेतली. नावाची सुरुवात केली न केली की झांज जोरात वाजवायची, झण्ण. लोकांना वाटायचं, काय थाटात पुकारलं. चूक कुणाला ऐकू आली नाही. पण त्या वर्षी कमळं नव्याण्णव उमलली. मोजतंय कोण?

मग त्यांचा मुलगा पुकारेबुवा झाला. त्याला सात नावं अवघड वाटायला लागली. सात वेळा झण्ण. मग नातू. त्याला चाळीस. मग पणतू आला, तो तर इतका भित्रा की जरा जोडाक्षर दिसलं की झण्ण. शेवटी शंभरातली बाराच सोपी नावं उरली आणि बाराच कमळं. तळ्यात पाणी किती, तर माझ्या गुडघ्याएवढं. तुझ्या कमरेएवढं.

तेव्हाचा राजा म्हणाला, आता गाव उठवावं लागणार. लोकांनी गाड्या बाहेर काढल्या. भांडीकुंडी बांधली, पाळणे बांधले, एका आजीने तर दाराची कडीसुद्धा काढून बरोबर घेतली. मग कुणीतरी म्हणालं, जायच्या आधी एकदा ती अवघड नावं नीट पुकारून बघू या. सगळ्यांत अवघड एक जमलं तर बाकीची जमतील. राजाने दवंडी पिटली, ऋक्षद्युम्नाला हाक मारून दाखवेल त्याला मागेल ते देऊ. नियम मात्र तोच.

मग पहिल्या दिवशी डोंगरापलीकडून एक मोठे शास्त्रीबुवा आले. त्यांनी आधी सगळ्यांना समजावून सांगितलं, जीभ टाळूला कुठे लावायची, दातांना कुठे लावायची, श्वास कुठे सोडायचा. यात दुपार झाली. मग ते काठावर उभे राहिले आणि नाव म्हणाले. काय म्हणाले, काय म्हणाले! मोत्यासारखं एकेक अक्षर. मी तिथे असते तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या. सगळ्यांनी वाजवल्या. मग शास्त्रीबुवा लोकांकडे वळून पुन्हा समजावून सांगायला लागले. कमळ काही उमललं नाही.

मग दुसऱ्या दिवशी गावाचा कोतवाल पुढे झाला. त्याची छाती ढोलासारखी. त्याने शास्त्रीबुवांकडून नाव घोकून घेतलं, डोंगरावर चढला आणि अशी आरोळी ठोकली की झाडावरचे बगळे उडाले. समोरच्या डोंगरातून तीच आरोळी परत आली. लोकांना वाटलं, आलीच ओ. ढोल वाजवले, ताशे वाजवले, साखर वाटली. कमळ काही उमललं नाही. साखर संपली तेवढी.

झोपलीस? नाही ना. बरं.

मग तिसरा दिवस. गाड्यांना बैल जुंपायचे तेवढे राहिले होते. त्या गावात सगुणा नावाची मुलगी होती. तुझ्यापेक्षा थोडी मोठी. ती म्हशी राखायची. तिचे पुढचे दोन दात पडले होते, त्यामुळे ती बोलली की शब्दाबरोबर थोडा वाराही बाहेर यायचा. तिच्या चार म्हशी तळ्यातल्या उरल्यासुरल्या पाण्यात बसल्या होत्या. त्यांना बाहेर काढायला ती आली. आणि म्हैस पाण्यात बसली की कशी असते ठाऊक आहे का? पहिल्या हाकेला ती कान हलवते. दुसऱ्या हाकेला मान वळवते. मग कितीतरी वेळाने, तिच्या मनात आलं तर उठते. म्हणून सगुणा एक हाक मारायची आणि थांबायची. मग दुसरी मारायची, आणि थांबायची. ओरडून उपयोग नसतो हे तिला ठाऊक होतं.

म्हशी काढून झाल्यावर तिने राजाला विचारलं, मी एकदा त्या योद्ध्यांना हाक मारू का?

लोक हसले. पुकारेबुवांनी तिला नियम सांगितला. सगुणा विचारात पडली. वर्षभर बोलायचं नाही, मग म्हशींना कोण बोलावणार? त्या दुसऱ्या कुणाच्या हाकेला येत नाहीत. पण तळंच आटलं तर म्हशी बसणार कुठे? बराच वेळ ती पायाच्या अंगठ्याने चिखल उकरत राहिली. मग काठावर गेली, तोंडाभोवती हात धरले आणि हाक मारली.

नाव कसं म्हणाली ते विचारू नकोस. अर्धं तर दातांच्या फटीतूनच गेलं. आणि मधलं एक अक्षर कुठे गेलं, कुणालाच कळलं नाही. लोकांनी कपाळाला हात लावले. शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. पुकारेबुवांना तिची दया आली, खरंच आली बरं का, ते काही वाईट नव्हते. तिची चूक झाकावी म्हणून त्यांनी झांज उचलली.

सगुणा मागे न बघता म्हणाली, “थांबा बुवा. त्यांना उठायला वेळ लागेल.”

मग सगळे थांबले. कुणी बोलेना. पाण्यावर एक बुडबुडा आला आणि फुटला. मग काहीच नाही. मग सगुणाने दुसरी हाक मारली, पहिल्यासारखीच चुकलेली, आणि पुन्हा थांबली. म्हशी रवंथ करत होत्या, तेवढाच आवाज. एक बाळ रडायला लागलं, तर त्याच्या आईने त्याला पदराखाली घेतलं. मग सगुणाने तिसरी हाक मारली. आणि ती थांबली ती थांबलीच. गाडीवान कंटाळून चाकाला टेकले. सूर्य डोंगराला टेकला.

आणि मग, अगदी खालून, चिखलाच्याही खालून, झोपेतून उठलेल्या माणसासारखी घोगरी ओ आली.

कमळ उमललं. जरा वाकडंच होतं, पाकळ्यांना चिखल लागलेला. आणि कमळामागून हळूहळू एक दाढीवाला योद्धा वर आला, डोळे चोळत. राजाने हात जोडले आणि आम्हाला क्षमा करा म्हणाला. इतकी वर्षं तुम्हाला हाकच पोचली नाही.

ऋक्षद्युम्न म्हणाला, “पोचत होती की. मी दरवर्षी ओ देत होतो. तुम्ही लगेच झांज वाजवायचात.”

पुकारेबुवांनी झांज हळूच पाठीमागे लपवली. शास्त्रीबुवा पुढे झाले. त्यांना राहवेना. त्यांनी विचारलं, या मुलीने घेतलं ते नाव आपल्याला ओळखू आलं कसं?

योद्धा हसला. म्हणाला, माझं नाव माझ्या आईने ठेवलं. फार शिकलेली होती. पण घाईत असली की तिलाही ते धड म्हणता यायचं नाही.

एवढं बोलून तो पुन्हा पाण्यात गेला. तळं चार बोटं वर चढलं.

मग काय, रात्रभर हाका. एकेक नाव, आणि मग थांबायचं. कुणी चुकलं तर पुन्हा हाक मारायची. उजाडेपर्यंत शंभर कमळं झाली, आणि गाड्यांची चाकं पाण्यात बुडाली म्हणून लोकांनी त्या मागे ओढून घेतल्या. राजाने जुना नियम रद्द केला. शास्त्रीबुवा त्या गावातच राहिले आणि मुलांना नावं शिकवू लागले, हळूहळू, घाई न करता. सगुणालाही ते नाव पुढे नीट यायला लागलं. दात आल्यावर. पुकारेबुवांनी झांज ठेवली, पण वाजवायची ती ओ आल्यानंतर. आणि सगुणाने राजाकडे काय मागितलं? काही नाही. म्हशींना चरायला न्यायला उशीर होतोय म्हणून ती निघून गेली.

तळं भरलं, भांडीकुंडी पुन्हा फडताळात गेली, कडी पुन्हा दाराला लागली. पाण्याखाली शंभरजण निजले, पाण्याबाहेर सगळा गाव निजला. आता आपणही निजायचं.

गोष्ट संपली. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. समजली का गोष्ट, मग उद्या जायचं ना शाळेत, बाई रागावणार नाहीत, मी दारात उभी राहणार नाही. मी पांघरुणाचं टोक मुठीत धरलं आणि गप्प पडून राहिले. पंखा फिरत होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ बंद केला. मला वाटलं, झोपली. तेवढ्यात कृत्तिका कुशीवर वळली आणि म्हणाली,

“आई, उद्या डब्यात शंतरपाळे जास्त दे. तो रुत्तदुम्न माझे पण थातो.”