साचाईची आणि हौसाच्या पायाची कहाणी

ऐक साचाई माते, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. मुठीत तांदूळ धरा, मांडीवरचं पोर उगी करा, आणि शेजारणीशी काय बोलायचं असेल ते मागाहून बोला.

आटपाट म्हणतात तसल्याच एका नगरात, वेशीला लागून बुरडांची आळी होती. तिथं लखू बुरूड राहत असे. बायको सगुणा, बहीण मथू आणि एकुलती एक लेक हौसा. लखूनं बांबू चिरावे, सगुणेनं सुपं विणावी, मथूनं ती बाजारी न्यावी, आणि हौसानं दिवसभर आळीत उड्या मारीत हिंडावं. पोर पाच-सहा वर्षांची, पण तोंड असं की थोरांनी गप्प बसावं.

एके दिवशी काय झालं, हौसा बांबूच्या ढिगावरून उडी मारायला गेली आणि बांबूची एक बारीक कूस काट्यासारखी पायात शिरली. सगुणेनं ती काढली, हळद भरली, चिंधी बांधली. पण पाय सुजला. मग पू झाला. मग बोटं काळी पडायला लागली. वैद्यबुवांना बोलावलं. ते रोज यायचे, जखम धुवायचे, सडलेलं खरवडून काढायचे.

आता आपल्याकडे रीत काय आहे? लेकरू घाबरलं की त्याच्याशी खोटं बोलायचं. लखू म्हणाला, "हौसाबाई, नुसता लेप लावायचाय, थंडगार वाटेल." वैद्यबुवांनी खरवडलं, हौसानं आळी डोक्यावर घेतली. दुसऱ्या दिवशी मथूआत्या म्हणाली, "आज वैद्यबुवा येणारच नाहीत गं." म्हणते आहे तोवर ते दारात उभे. तिसऱ्या दिवशी सगुणा म्हणाली, "मुंगी चावल्यासारखं होईल, माझ्या राजा." मुंगी कसली, वाघ चावला. हौसानं आईकडे एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

मग एका सकाळी वैद्यबुवांनी लखूला आणि सगुणेला अंगणात बोलावलं. म्हणाले, "विष वर चढतंय. आज गुडघ्याखाली पाय कापायचा. नाहीतर पोर हाती लागायची नाही. गुंगीचा काढा आणलाय, तो पोटात गेला पाहिजे. जागेपणी कापला तर धसक्यानंच जीव जाईल." सगुणेला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण तेवढी सवड नव्हती.

लखूनं वाटी पुढं केली, म्हणाला, "उसाचा रस आहे." हौसानं दात आवळले. मथूनं वाटी पुढं केली, म्हणाली, "ताकदीचं औषध आहे." हौसानं दात आवळले. सगुणेनं वाटी पुढं केली, म्हणाली, "काही नाही गं, नुसती झोप लागेल." हौसा दातांतल्या दातांत म्हणाली, "खोटारडे आहात सगळे." लखू तिचं तोंड उघडायला गेला, तर वैद्यबुवांनी त्याचा हात धरला. "बळजबरी नको. काढा श्वासात गेला तर जागीच जाईल. मी उन्हं कलेपर्यंत थांबतो. त्यापुढं माझ्या हातात काही नाही."

मग सगुणा अनवाणी निघाली. वेशीबाहेर शेताच्या बांधावर साचाईचं ठाणं होतं. ठाणं कसलं, एक काळा दगड. तिला शेंदूर चालत नाही, खोटा दागिना चालत नाही, खोटा नवस तर मुळीच चालत नाही, म्हणून तिच्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. तिथं एक म्हातारी खराट्यानं झाडीत होती. सगुणा दगडापुढं पडली. म्हणाली, "आई, माझी पोर वाचव. नारळ वाहीन."

म्हातारी झाडता झाडता म्हणाली, "मला नारळ नको."

सगुणेनं चमकून पाहिलं. मनात ओळखायचं ते ओळखलं. म्हणाली, "सोमवार धरीन."

"मला उपास नको."

"घरापासून लोटांगण घालीत येईन."

"आणि पोरीपाशी कोण बसेल? मला लोटांगण नको."

मग सगुणा चिडली. बायांनो, देवावर कधी कधी चिडावं लागतं. म्हणाली, "मग तुला हवंय तरी काय?"

"मला खरं हवंय. एक वसा देते, घेशील?"

"घेईन."

"तर ऐक. आजारी लेकरू विचारील ते खरं सांगावं. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावं. आणि सांगून उठून जाऊ नये, हात धरून बसावं."

"सांगताना मला रडू येईल."

"येऊ दे. रडणं काही खोटं नाही."

"आणि ती घाबरली तर?"

"घाबरलेलीच आहे ती," साचाई म्हणाली. "आत्ता एकटी घाबरलीय. जा. घेतला वसा सोडू नकोस. घाईत नको, रागात नको, मायेपोटी तर मुळीच नको."

सगुणा धापा टाकीत घरी आली आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. लखू म्हणाला, "एवढ्याशा पोरीला हे सांगायचं? तुझं काळीज आहे की धोंडा?" सगुणा म्हणाली, "तुम्हाला ऐकवत नसेल तर अंगणात बसा. मी सांगणार." लखू गेला नाही. दाराला टेकून उभा राहिला.

सगुणा लेकीजवळ बसली, हात हातात घेतला. म्हणाली, "हौसा, मी तुझ्याशी खोटं बोलले. मुंगी चावल्याएवढंच दुखणार नाही, हे मला ठाऊक होतं. आता विचार काय विचारायचं ते."

हौसा भिंतीकडेच बघत होती. अंगणातलं बोलणं तिनं ऐकलं होतं. म्हणाली, "पाय कापणार?"

"हो."

"दुखेल?"

"गुंगीत कळायचं नाही, असं वैद्यबुवा म्हणतात. जाग आल्यावर दुखेल. खूप दुखेल."

"परत उगवेल?"

सगुणेनं तिचा हात घट्ट धरला. म्हणाली, "नाही गं बाळा. पाय उगवत नाही."

"मी मरेन?"

दारात लखूनं डोळे मिटले. सगुणा म्हणाली, "पाय ठेवला तर मरशील. कापला तर काय होईल ते मला ठाऊक नाही. जगशील असं वैद्यबुवांना वाटतं. मला तू हवीयेस, म्हणून मी कापा म्हणतेय."

हौसा रडली, सगुणा रडली, दारात लखू रडला, आणि मथूआत्या तर चुलीपुढं केव्हाची रडत होती. मग हौसानं नाक पुसलं. म्हणाली, "काढा कडू आहे?"

"मला ठाऊक नाही," सगुणा म्हणाली. वाटीत बोट बुडवून चाटलं. तोंड वेडंवाकडं झालं. "कडू आहे. कारल्याच्या वर कडू आहे."

तशी हौसानं हात पुढं केला. म्हणाली, "आण." नाक धरलं आणि वाटी रिकामी केली.

डोळे मिटायला लागले तेव्हा तिनं विचारलं, "तू कुठं असशील?" सगुणा म्हणाली, "इथंच." वैद्यबुवांनी करवत काढली. म्हणाले, "बाई, बाहेर जा, बायकांना हे बघवत नाही." सगुणा म्हणाली, "बघवत नाही हे खरं. पण मी तिला इथंच म्हटलंय." करवत चालली. सगुणेनं लेकीच्या तोंडावरून नजर हलवली नाही आणि हातातला हात सोडला नाही.

हौसा जागी झाली. आधी बाप दिसला. म्हणाली, "बाबा, पाय?" लखूच्या ओठांवर आलं होतं, आहे गं, पांघरुणाखाली आहे. ते त्यानं गिळलं. म्हणाला, "नाही बाळा. कापला." हौसानं जी हाती लागेल ती वाटी भिरकावली, बापाला बोचकारलं, आईला शिव्या दिल्या. त्यांनी ते सगळं सोसलं. हात धरून बसले.

मग जखम भरत आली. आणि एके दिवशी हौसा म्हणाली, "आई, अंगठा खाजतोय." कुठला? तर जो नाही तो. मथूआत्या म्हणाली, "अगंबाई, पोरीला बाधा झाली, भगताला बोलवा." लखू म्हणाला, "हौसाबाई, पाय नाही तर खाजेल कसा? खोटं बोलू नये." पोरीचं तोंड पुन्हा भिंतीकडे वळायला लागलं.

तेवढ्यात सगुणेच्या मनात लख्ख उजाडलं. म्हणाली, "थांबा. आपण तिला खरं सांगायचं, आणि तिनं सांगितलेलं खोटं म्हणायचं? असला कसला वसा? पाय नाही, हे खरं. खाज आहे, हेही खरं." मग ती पायथ्याशी बसली. जिथं नुसतं अंथरूण होतं, तिथं बोटांनी खाजवायला लागली. "इथं?"

"थोडं खाली."

"इथं?"

"हां. तिथंच." हौसानं सुस्कारा सोडला. मग लखूही येऊन बसला, मग मथूआत्याही.

पुढं लखूनं बांबूची कुबडी केली. पहिली उंच झाली, दुसरी बुटकी झाली, तिसरी बगलेत बरोबर बसली. हौसा पडली, उठली, चिडली, पुन्हा उभी राहिली. आळीत पुन्हा तिचा आवाज घुमायला लागला.

एके दुपारी ती अंगणात सुपं वाळत मांडीत होती. दारात म्हातारी आली. म्हणाली, "पोरी, तुझा पाय कुठं गं?"

"कापला. सडला होता. तू कोण?"

आता साचाईला तरी खोटं कुठं बोलता येतं? म्हणाली, "मी साचाई. देवी आहे."

हौसानं कुबडी टेकली. म्हणाली, "देवी आहेस तर माझा पाय परत दे."

लखूच्या हातातला कोयता थांबला. आणि बायांनो, दुसऱ्या कहाण्यांत इथं काय होतं ते तुम्हाला तोंडपाठ आहे. तीर्थ शिंपडतात, गेलेलं सगळं परत येतं.

साचाई खाली बसली. हौसाचा हात हातात घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "नाही गं बाळा. ते मला येत नाही."

हौसानं तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग म्हणाली, "बरं. खरं बोललीस. बस, भाकर खाऊन जा." आणि भाकर आणायला कुबडी टेकीत आपली आपण आत गेली.

साचाई माते, हौसाचा जसा आपल्या माणसांवर विश्वास बसला, तसा आमच्या लेकरांचा आमच्यावर बसू दे. सगळ्यांचे हातपाय धड राहतील असं मी म्हणणार नाही. ही तुझी कहाणी आहे, आणि ते मला ठाऊक नाही. पण ज्या लेकरावर वेळ येईल, त्याचा हात कुणीतरी धरलेला असू दे. साठ उत्तरांनी सांगायची ही कहाणी पाच उत्तरांत सांगितली, ती इथं सुफळ झाली, संपूर्ण झाली.